स्लाइडवर सगळं गुलाबीच दिसतं: हायलाइन डीजनरेशनचे प्रकार कसे ओळखायचे

पशुवैद्यकाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "हायलाइन डीजनरेशनचे प्रकार नक्की किती? एका पुस्तकात तीन दिलेत, दुसऱ्यात पाच. अमायलॉइड आणि फिब्रिनॉइड त्यातच धरायचे की वेगळे? आणि स्लाइड बघताना मला तर सगळं सारखंच गुलाबी दिसतं, मग ओळखायचं कसं?"

आधी सरळ उत्तर देतो. पशुरोगनिदानशास्त्राच्या जुन्या, रुळलेल्या मांडणीत तीन प्रकार आहेत: संयोजी ऊतीतलं हायलाइन, पेशीतलं म्हणजे मुख्यतः एपिथेलियम या अस्तराच्या ऊतीतलं हायलाइन, आणि या दोन्हींत न बसणारं मिश्र हायलाइन. पेशीतल्या प्रकारातून कोणी केराटोहायलाइन वेगळं काढतं, कोणी स्नायूंमधलं हायलाइन वेगळं काढतं, म्हणून आकडा चार किंवा पाच होतो. परीक्षेत तीन लिहून पोटप्रकार नीट सांगितलेत तर कोणी गुण कापणार नाही. अमायलॉइड आणि फिब्रिनॉइड दिसायला हायलाइनसारखेच असतात, पण आज ते स्वतंत्र समजतात. त्याचं कारण पुढे येईलच.

पण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा शेवटच्या वाक्यात आहे. सगळं सारखंच दिसतं, कारण हायलाइन हे कुठल्याही एका पदार्थाचं नाव नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काच. मराठी परिभाषेत आपण काचाभ म्हणतो आणि तो शब्द फार नेमका आहे: काचेसारखी आभा असलेलं. एच अँड ई म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या नेहमीच्या स्टेनमध्ये एकसंध, दाणे नसलेलं, तंतू नसलेलं, चकचकीत गुलाबी असं जे काही दिसेल त्याला आपण हायलाइन म्हणतो. ते कशाचं बनलंय याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. ते जुनं कोलॅजन असेल, रक्तातून झिरपलेली प्रथिनं असतील, मेलेल्या स्नायूतंतूचा गोळा असेल, नाहीतर प्लाझ्मा पेशीत साठलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंड, असेल.

गुलाबी का, तेही एकदा समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागत नाही. इओसिन हा ऋणभारित रंग आहे आणि तो प्रथिनांतल्या धनभारित बाजूच्या गटांना, म्हणजे लायसिन-आर्जिनिनसारख्यांना, चिकटतो. प्रथिनं दाट झाली, त्यांच्या घड्या उलगडून जास्त गट उघडे पडले, की इओसिन जास्त धरलं जातं. शिवाय मरणाऱ्या पेशीतला आरएनए कमी होत जातो आणि त्याच्यामुळे येणारी निळसर छटाही जाते. एकसंध दिसण्याचं कारण म्हणजे आतली रचना, आडव्या रेषा असोत की तंतू, पुसली गेलेली असते. काही पुसलं गेलंय आणि काही दाटलंय, एवढंच तो गुलाबी रंग सांगतो.

इथेच एक गोंधळ मिटवतो, कारण तो दरवर्षी कोणीतरी करतंच. हायलाइन कार्टिलेज, म्हणजे काचाभ कूर्चा, हा निरोगी ऊतीचा प्रकार आहे. त्याचा हायलाइन डीजनरेशनशी काहीही संबंध नाही. नुसत्या डोळ्यांना ती कूर्चा काचेसारखी दिसते म्हणून ते नाव पडलं. एच अँड ईमध्ये तर तिचा आंतरपेशी भाग त्यातल्या प्रोटिओग्लायकॅन्समुळे निळसर दिसतो, गुलाबी नाही.

आता प्रकार. संयोजी ऊतीतल्या हायलाइनपासून सुरू करू, कारण ते सर्वांत साधं आहे. जखम भरून वण जुना होतो, तसे कोलॅजनचे तंतू जाड होतात, एकमेकांत मिसळतात, मधली फायब्रोब्लास्ट आणि केशवाहिन्या कमी होत जातात. शेवटी उरतो तो एक सपाट गुलाबी पट्टा, त्यात इथे-तिथे दाबली गेलेली, बारीक रेघेसारखी केंद्रकं. डोळ्यांना तो भाग पांढरा, टणक, किंचित चमकदार आणि अर्धपारदर्शक दिसतो. जुना स्तनदाह झालेल्या कासेत, दीर्घकाळ धुमसलेल्या गळवाच्या भिंतीत हे भेटतं. अंडाशयातला कॉर्पस अल्बिकन्स हे याचं नैसर्गिक उदाहरण आहे: कॉर्पस ल्युटियम, म्हणजे बीज सुटल्यावर तिथे बनणारी ग्रंथी, विरघळल्यावर मागे राहिलेला हायलाइन वण. मोठ्या व्हेलच्या अंडाशयांत हे वण वर्षानुवर्षं टिकतात आणि अभ्यासक ते मोजून त्या मादीच्या प्रजननाचा इतिहास काढतात. वणातलं हायलाइन किती चिवट असतं हे यावरून कळेल. ते परत फिरत नाही, पण बहुतेक वेळा त्रासही देत नाही.

त्रास होतो तो रक्तवाहिन्या आणि ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या हृदयाच्या भिंतीतल्या बारीक धमन्या पाहा, किंवा दीर्घकाळ रक्तदाब वाढलेल्या मांजराच्या मूत्रपिंडातल्या. भिंत जाड, गुलाबी, एकसंध, आणि पोकळी टाचणीच्या टोकाएवढी उरलेली. हे जुन्या वणातल्यासारखं कोलॅजन नव्हे. एंडोथेलियम, म्हणजे वाहिनीचं आतलं अस्तर, गळकं झाल्यामुळे रक्तातली प्रथिनं भिंतीत झिरपून बसलेली असतात, त्यात बेसमेंट मेम्ब्रेनचं वाढलेलं साहित्य मिसळलेलं असतं, आणि भिंतीतल्या गुळगुळीत स्नायूपेशी हळूहळू नाहीशा होत असतात. ग्लोमेरुलसमध्ये हेच घडलं की आख्खा गुच्छ एक गुलाबी गोळी होतो. पीएएस स्टेन लावला की अशा जागा छान किरमिजी उठून दिसतात.

तरुण जनावरात रक्तवाहिन्यांचं हायलाइन दिसलं तर मात्र थांबा आणि विषाचा, संसर्गाचा किंवा आहारातल्या कमतरतेचा विचार करा. दूध तोडलेल्या पिल्लांमधला डुकरांचा एडिमा डिसीज हे याचं उत्तम उदाहरण. आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंनी सोडलेलं शिगा टॉक्सिन टू-ई रक्तात जातं, बारीक धमन्यांच्या भिंतींना मारतं, मधल्या थरातल्या स्नायूपेशी हायलाइन होतात, आणि मग पापण्या, जठराची भिंत, मोठ्या आतड्याच्या वळ्यांमधली जागा पाण्याने फुगते. पोस्टमॉर्टेमला तुम्हाला सूज दिसते, तिचं कारण मात्र त्या धमनीच्या भिंतीत असतं. डुकरांतल्याच मलबेरी हार्ट डिसीजमध्ये, म्हणजे व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमच्या कमतरतेशी जोडलेल्या आजारात, हृदयातल्या बारीक वाहिन्या अशाच बिघडतात.

आता स्नायू. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पशुवैद्यकात हायलाइन बदल सर्वांत जास्त कामाला येतो तो इथेच.

1864 मध्ये फ्रिडरिश आल्बर्ट फॉन त्सेंकर या जर्मन रोगनिदानतज्ज्ञाने टायफॉइडने दगावलेल्या माणसांच्या स्नायूंमधला बदल वर्णन केला. त्याच्याच नावाच्या इंग्रजी उच्चाराने आपण ज्याला झेंकर्स डीजनरेशन म्हणतो ते हेच. काटेकोर बोलायचं तर हा ऱ्हास नव्हे, तंतूच्या आतल्या भागाचं कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिसच आहे, म्हणजे तो भाग मरून गोठल्यासारखा झालेला असतो. तरी जुनं नाव टिकून आहे. म्हणून परीक्षेत "झेंकर्स डीजनरेशन किंवा नेक्रोसिस" असं लिहा, दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

स्लाइडवर ते कसं दिसतं ते सावकाश सांगतो. लांबीच्या छेदात निरोगी तंतू म्हणजे एकसारख्या जाडीची पट्टी, तिच्यावर बारीक आडव्या रेषा आणि कडेला ओळीने चपटी केंद्रकं. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर, म्हणजे प्रकाश एकवटणारं भिंग, थोडा खाली घेतलात तर रेषा स्पष्ट होतात. त्याच क्षेत्रात एखादा तंतू बाजूच्यांपेक्षा फुगलेला असतो, गडद गुलाबी, रेषा पार गेलेल्या, पृष्ठभाग मेणासारखा. थोडं पुढे सरकलात की तोच तंतू तुटलेला दिसतो: गुलाबी तबकड्या, मध्ये रिकामी जागा, परत तबकडी. आणि तरीही बाहेरची नळी शाबूत असते. ती नळी म्हणजे बेसल लॅमिना. तिच्या आत मॅक्रोफेज शिरलेले असतात, मेलेला माल उपसत असतात. त्यांच्या शेजारीच, नळीच्या आतल्या कडेला, फुगीर केंद्रकांच्या आणि निळसर कायेच्या पेशी ओळीने लागलेल्या दिसतात. त्या सॅटेलाइट पेशींपासून आलेल्या मायोब्लास्ट, म्हणजे नवा स्नायू बांधणाऱ्या पेशी. मोडतोड आणि बांधकाम एकाच नळीत, शेजारी शेजारी. इतकी वर्षं बघूनही हे दृश्य दिसलं की मी स्लाइड लवकर काढत नाही.

या बदलांना काळाचा क्रम आहे आणि तो वाचता आला पाहिजे. तंतू मेल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत मॅक्रोफेज येतात, तीन-चार दिवसांत मायोब्लास्ट दिसू लागतात, आणि नळी शाबूत असेल तर दोन-तीन आठवड्यांत तंतू बऱ्यापैकी उभा राहतो. त्यामुळे सगळे खराब तंतू एकाच टप्प्यावर दिसले, तर घाव एकदाच बसलाय: बेसुमार श्रम, पकडापकडीत घाबरलेलं जंगली जनावर, किंवा विषाचा एकच मोठा डोस. आणि एकाच स्लाइडवर ताजे मेलेले, उपसले जाणारे आणि नव्याने बांधले जाणारे असे तिन्ही तऱ्हेचे तंतू असले, तर कारण अजून चालू आहे. आहारातली कमतरता असं चित्र देते. नुसतं "हायलाइन डीजनरेशन दिसलं" असं लिहिणाऱ्या अहवालात ही माहिती हरवते, याचं मला फार वाईट वाटतं.

व्हाइट मसल डिसीज तुम्ही वाचलाच असेल. वासरं, कोकरं, करडं यांच्यात सेलेनियम किंवा व्हिटॅमिन ई कमी पडलं की पेशींचं पडदे जपणारं संरक्षण ढासळतं. सेलेनियम हा ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाइमचा भाग आहे, हे 1973 मध्ये दाखवलं गेलं, आणि जनावरांच्या डॉक्टरांना आधीपासून अनुभवाने माहीत असलेल्या आजाराला रासायनिक स्पष्टीकरण मिळालं. जे स्नायू जास्त राबतात तेच आधी जातात: मांड्या, खांदे, पिणाऱ्या पिल्लाची जीभ, श्वासाचे स्नायू, हृदय. वासरात हृदयाचा डावा कप्पा जास्त धरला जातो, कोकरात उजवा. कापल्यावर स्नायू फिका, शिजवलेल्या माशासारखा, दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो. त्यात खडूसारख्या पांढऱ्या रेघा असतील तर मेलेल्या तंतूंत कॅल्शियम बसलंय. सुरीखाली ते किरकिरतं, आणि फॉन कोसा स्टेनमध्ये काळं उतरतं.

आता त्याच्या शेजारी दुसरं हृदय ठेवा. लाळ्या-खुरकूत रोगात लहान वासरू कधीकधी तोंडात एकही फोड येण्याआधीच कोसळतं. हृदय उघडलं की करड्या-पिवळ्या पट्ट्या दिसतात, त्याला आपण टायगर हार्ट म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली इथेही हायलाइन झालेले, तुटलेले हृदयतंतू. फरक असा की इथे तंतूंच्या मधे लिम्फोसाइट्सची, म्हणजे दाहातल्या पांढऱ्या पेशींची, गर्दी असते, आणि सेलेनियमच्या कमतरतेत दाहापेक्षा कॅल्शियम उठून दिसतं. दोन्ही अहवालांत "मायोकार्डियमचं हायलाइन डीजनरेशन" एवढंच लिहिलंत तर एका कळपाला खनिज मिश्रण हवंय आणि दुसऱ्याला रोगनियंत्रण, हे डॉक्टरांना कळणार कसं?

घोड्यातलं श्रमानंतरचं ऱ्हॅब्डोमायोलिसिस, मोनेन्सिन या खाद्यात मिसळायच्या औषधाची विषबाधा, सेना ऑक्सिडेंटॅलिस म्हणजे टाकळ्याच्या जातीतल्या एका झुडपाच्या बिया खाऊन झालेली गुरांची विषबाधा, फऱ्या रोगातला स्नायू, या सगळ्यांत हे तंतू भेटतात. मोनेन्सिनच्या बाबतीत घोडा फारच नाजूक आहे. कोंबड्या आणि गुरं ज्या खाद्यावर तगतात, तेच चुकून घोड्याच्या पुढ्यात गेलं तर त्याचं हृदय जातं. रक्तात क्रिएटिन कायनेज (सीके) हे स्नायूतलं एन्झाइम झपाट्याने वर जातं आणि लवकर उतरतं, स्नायू आणि यकृत दोन्हींत असलेलं एएसटी मागे रेंगाळतं. त्यामुळे सीके नॉर्मल आणि एएसटी वाढलेलं असेल, आणि यकृत ठीक असेल, तर घाव काही दिवसांपूर्वीचा समजा. आणि मूत्रपिंड बघायला विसरू नका. नलिकांमध्ये तपकिरी-लालसर दाणेदार कास्ट, म्हणजे नलिकेच्या आकाराचे साचे, दिसले तर स्नायूतला मायोग्लोबिन तिथे येऊन अडकलाय.

माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडूनही होईल. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका घोड्याच्या स्नायूची बायोप्सी माझ्याकडे आली. कडेचे कितीतरी तंतू गडद गुलाबी, फुगलेले, रेषा गेलेले. मी उत्साहाने हायलाइन डीजनरेशन लिहून टाकलं. माझ्या वरिष्ठांनी स्लाइड पाहिली आणि एवढंच विचारलं, "तुकडा कापल्या कापल्या फॉर्मलिनमध्ये टाकला होता ना?" टाकला होता. जिवंत स्नायू फॉर्मलिनमध्ये पडला की जोरात आकसतो, आणि आकसलेला तंतू हायलाइन झालेल्या तंतूसारखाच गडद, जाड आणि रेषाहीन दिसतो. खुणा समोर होत्या, मी त्या पाहिल्या नव्हत्या. बदल फक्त तुकड्याच्या कडांना होता. एकही मॅक्रोफेज नव्हता. केंद्रकं टवटवीत होती. तंतू तुटलेले नव्हते, नुसते ठिकठिकाणी गाठी मारल्यासारखे होते. त्यानंतर मी नमुना पाठवणाऱ्यांना नेहमी सांगतो: स्नायूची लांब पट्टी घ्या, ती चपट्या लाकडी काडीवर तिच्या मूळ लांबीला ताणून दोन्ही टोकांना बांधा, थोडा वेळ थांबा, मगच फॉर्मलिनमध्ये सोडा.

एपिथेलियममधलं हायलाइन हे स्नायूपेक्षा शांत प्रकरण आहे. मूत्रपिंडाच्या प्रॉक्सिमल नलिकांच्या पेशींत गोल, चकचकीत गुलाबी थेंब दिसतात. ग्लोमेरुलस गळतोय, प्रथिनं नलिकेत उतरताहेत आणि पेशी ती परत शोषून लायसोसोममध्ये साठवताहेत. म्हणजे ही पेशी आजारी नाही, तिच्यावर कामाचा बोजा पडलाय. गळती थांबली की थेंब जातात, म्हणून हा प्रकार परत फिरणारा. नर उंदरात, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये, याचं एक खास रूप आहे. त्याच्या यकृतात अल्फा टू-यू ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन बनतं. डी-लिमोनिनसारखी रसायनं त्याला चिकटली की ते पचत नाही, थेंब साठत जातात, पेशी मरतात, आणि पुढे गाठीही होतात. माणसात हे प्रथिन बनत नसल्याने, अशा रसायनाचा धोका माणसाला लावताना हा बदल वेगळा काढावा, असं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1991 मध्ये मांडलं. गुलाबी थेंब कशाचा बनलाय हे विचारल्याने केवढा फरक पडला, पाहा.

यकृताच्या पेशींमधली मॅलरी बॉडी म्हणजे गुंता होऊन बसलेले केराटिनचे तंतू. 1911 मध्ये फ्रँक मॅलरीने त्या माणसाच्या यकृतात वर्णन केल्या. आपल्या कामात त्या क्वचितच भेटतात, त्यामुळे इथे रेंगाळत नाही. रसेल बॉडीज मात्र वारंवार भेटतील. जुनाट दाहातल्या प्लाझ्मा पेशीत गोल, चेरीसारखे गुलाबी गोळे, केंद्रक कडेला ढकललेलं. एडिनबरोच्या विल्यम रसेलने 1890 मध्ये ते पाहिले तेव्हा त्याला वाटलं, हे कर्करोगाचे जंतू असावेत. ते निघाले पेशीने बनवलेलं पण बाहेर न टाकलेलं इम्युनोग्लोब्युलिन. केराटोहायलाइन म्हणजे स्तरित एपिथेलियमचं शृंगी पदार्थात रूपांतर: चामखीळ, व्हिटॅमिन एच्या कमतरतेतलं एपिथेलियम, स्क्वॅमस सेल कार्सिनोमातले कांद्याच्या पापुद्र्यांसारखे मोती. गुरांच्या शिंगाच्या कर्करोगात हे मोती इतके सुंदर येतात की विद्यार्थ्यांना दाखवायला मी तीच स्लाइड काढतो.

आणि एक सावधगिरी. पेशीतली प्रत्येक गुलाबी गोळी हायलाइन नव्हे. रेबीजच्या नेग्री बॉडीज, डिस्टेंपरचे इन्क्लुजन, कोंबड्यांच्या देवीतल्या बोलिंगर बॉडीज हे विषाणूंमुळे होणारे गोळे सगळे गुलाबी आणि एकसंध असतात. गोळी कुठल्या पेशीत आहे, केंद्रकात की बाहेर, आणि शेजारी दाह आहे का, हे पाहिल्याशिवाय नाव देऊ नका.

मिश्र हायलाइनचं एकच उदाहरण लक्षात ठेवलंत तरी पुरे: कॉर्पोरा अमायलेसिया. गाईच्या कासेच्या अल्व्हिओलायमध्ये, म्हणजे दूध बनवणाऱ्या बारीक पिशव्यांमध्ये, विशेषतः वय झालेल्या किंवा आटत आलेल्या कासेत, गोल, थरावर थर चढलेले गोळे दिसतात. झाडाच्या खोडाच्या आडव्या छेदासारखे. गळून पडलेल्या पेशी आणि साकळलेलं केसीन यांचे थर एकमेकांवर बसत गेलेले. पुढे त्यांत कॅल्शियमही बसतं आणि एखादा गोळा नलिका अडवतो. पण बहुतेक वेळा ही वयाची खूण असते, आजाराची नव्हे. नावातला अमायलेसिया म्हणजे पिष्टासारखा. 1854 मध्ये रुडॉल्फ फिर्शोने मेंदूतल्या अशा गोळ्यांना आयोडीन लावलं, रंग बदलला, आणि त्याला ते पिष्टाच्या जवळचे वाटले. अमायलॉइड हा शब्द तिथूनच निघाला. पाचच वर्षांनी, 1859 मध्ये, फ्रीडराइश आणि केकुले यांनी अमायलॉइडमध्ये पिष्ट नसून प्रथिन आहे हे दाखवलं. नाव मात्र तेच राहिलं.

काही हायलाइन कुठल्याच खान्यात बसत नाहीत, कारण ती पेशीतही नसतात आणि तंतूंतही नसतात, पोकळीत असतात. मूत्रपिंडाच्या नलिकेतले हायलाइन कास्ट, केशवाहिन्यांतल्या फिब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या, हायलाइन गुठळ्या, आणि फुफ्फुसातल्या हायलाइन मेम्ब्रेन. शेवटचं समजून घेण्यासारखं आहे. शरद ऋतूत वाळल्या कुरणातून हिरव्यागार कुरणात सोडलेल्या प्रौढ गुरांना काही दिवसांत धाप लागते, त्याला फॉग फीव्हर म्हणतात. त्या गवतात ट्रिप्टोफॅन भरपूर असतं. रुमेनमधले, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातले, जंतू त्याचं 3-मिथाइलइंडोल करतात. ते रक्तातून फुफ्फुसात जातं, तिथल्या क्लब पेशींची एन्झाइम्स त्याला आणखी घातक रूप देतात, वायुकोशांचं पातळ अस्तर मरतं, आणि प्रथिनांनी भरलेलं पाणी आत येतं. फिब्रिन, प्लाझ्मा आणि मेलेल्या पेशींचा चोथा वायुकोशाच्या भिंतीला गुलाबी फितीसारखा चिकटून बसतो. चार-पाच दिवस जगलेल्या जनावरात त्याच जागी टाइप टू, म्हणजे अस्तर नव्याने भरून काढणाऱ्या, पेशींची घनाकृती रांग उभी राहिलेली दिसते. हे डीजनरेशन नाहीच. नाव हायलाइन, वर्तन दाहाचं. म्हणून प्रकारांच्या यादीत ते टाकू नका, पण विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

आता अमायलॉइड आणि फिब्रिनॉइड. एच अँड ईमध्ये अमायलॉइड म्हणजे शुद्ध हायलाइनच, फक्त किंचित फिकं आणि पेशींच्या बाहेर. ते वेगळं ठरलं, कारण त्याची ओळख रासायनिक आणि ठोस आहे: बीटा-प्लीटेड घडीची, साधारण 7.5 ते 10 नॅनोमीटर जाडीची तंतुकं. काँगो रेड लावलं की नारिंगी-लाल आणि ध्रुवित प्रकाशात सफरचंदी हिरवं. प्रथिन एकच नसतं. जुनाट दाहानंतरचं एए नावाचं, मांजराच्या स्वादुपिंडातल्या आयलेट्समधलं वेगळं. जागाही जातीप्रमाणे बदलते. बहुतेक कुत्र्यांत ते ग्लोमेरुलसमध्ये बसतं आणि लघवीतून प्रथिनं धो धो जातात. शार-पे कुत्रा आणि ॲबिसिनियन मांजर यांच्यात ते बऱ्याचदा मूत्रपिंडाच्या मेड्युलात, म्हणजे आतल्या भागात, बसतं आणि लघवीत फारसं काही सापडतही नाही. शवविच्छेदनाच्या टेबलावरच शंका आली तर मूत्रपिंडाच्या कापलेल्या पृष्ठभागावर लुगोल आयोडीन ओता. ग्लोमेरुलस तपकिरी ठिपक्यांसारखे उठून आले तर अमायलॉइडचा संशय बळावतो. काँगो रेडसाठी मात्र सेक्शन नेहमीपेक्षा जाड, आठ ते दहा मायक्रॉनचा, मागा. पातळ सेक्शनमध्ये हिरवा रंग हुलकावणी देतो, आणि खरं अमायलॉइड "निगेटिव्ह" म्हणून सुटतं.

फिब्रिनॉइड, म्हणजे जखमी भिंतीत झिरपलेलं फिब्रिनसारखं साहित्य, जास्त भडक असतं. धमनीच्या भिंतीत गडद, थोडं विस्कळित गुलाबी आणि त्यात केंद्रकांची धूळ. हे ताज्या, जहाल घावाचं लक्षण. साधं हायलाइन भिंतीत शांत असतं, कडा गुळगुळीत, धूळ नाही. गुरांच्या मॅलिग्नंट कटाऱ्हल फीव्हर या विषाणूजन्य आजारात मेंदूच्या मुळाशी असलेल्या रीटे मिराबिले या जाळ्यातल्या धमन्या पाहा. भिंतीभोवती लिम्फोसाइट्सचं कडं आणि आत फिब्रिनॉइड. एकदा पाहिलं की गल्लत होत नाही.

स्टेनची निवड सगळी पाठ करायची गरज नाही. व्हॅन गीसनमध्ये कोलॅजन लाल, फिब्रिन आणि स्नायू पिवळे. मॅसन ट्रायक्रोममध्ये कोलॅजन निळं किंवा हिरवं, फिब्रिन आणि स्नायू लाल. पीटीएएचमध्ये फिब्रिन निळं, आणि स्नायूच्या आडव्या रेषाही निळ्या, म्हणून तंतूत रेषा उरल्यात का हे बघायला तो उपयोगी. या तिघांत तुमची बरीचशी शंका मिटते. अमायलॉइडची शंका असली तरच काँगो रेड, आणि सोबत ओळखीची पॉझिटिव्ह स्लाइड ठेवूनच.

तुम्ही विचारलेलं "ओळखायचं कसं" याचं माझं रोजचं तंत्र असं आहे. गुलाबी दिसलं की आधी चार एक्सवर जाऊन ते पेशीत, तंतूंत, भिंतीत की पोकळीत आहे ते ठरवतो. मग चाळीस एक्सवर जाऊन कडा बघतो: कडेला जिवंत पेशी काय करताहेत, मॅक्रोफेज आहेत का, केंद्रकं कशी आहेत. तिसऱ्या पायरीवर स्टेन. आणि अहवालात नुसतं "हायलाइन डीजनरेशन" कधीच लिहीत नाही. "मांडीचा स्नायू: अनेक टप्प्यांतलं, विखुरलेलं हायलाइन नेक्रोसिस, काही तंतूंत कॅल्शियम, पुनर्निर्मिती सुरू, सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई तपासावं" असं लिहितो. तुमच्या प्रॅक्टिकलच्या वहीतही तसंच लिहून बघा, आणि प्रत्येक स्लाइडखाली हे गुलाबी कशाचं बनलंय याचा तुमचा अंदाज एका ओळीत टाका. पुढच्या वेळी त्याच स्लाइडचा मॅसन किंवा पीटीएएच मागून घ्या आणि अंदाज बरोबर होता का ते स्वतः पाहा.